‘बारा एमएम’ सांगून आठ एमएमची काच: मोठा फिश टँक बनवून घेण्याआधी हे वाचा

चार फुटी फिश टँक बनवून घेताना माणूस फसतो तो भावात नाही, काचेच्या जाडीत. भाव चार दुकानांत विचारून ताडून पाहता येतो. जाडी मात्र टाकी घरात आली, वर पट्टी बसली आणि मागे काळं स्टिकर लागलं की कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या टाक्यांत हीच लबाडी पुन्हा पुन्हा सापडते, म्हणून ती कशी होते आणि कशी पकडायची ते सविस्तर लिहितो आहोत.

व्यवहार बहुतेक वेळा असा होतो. गिऱ्हाईक ४ बाय १.५ बाय २ फुटांची (लांबी, रुंदी, उंची) टाकी मागतं. दुकानदार ‘बारा एमएम काच, चांगलं सिलिकॉन (काचा जोडणारा रबरी गोंद), स्टँड, कव्हर, फिल्टर सगळं धरून’ एक आकडा सांगतो, निम्मे पैसे आधी घेतो आणि पावतीवर लिहितो, ‘फिश टँक सेट, नग १’. जाडीचा उल्लेख कुठेच नाही. टाकी येते तेव्हा पुढची काच खरोखर १२ एमएमची असते, कारण गिऱ्हाईक तीच बघतं आणि तिलाच बोट लावून पाहतं. मागची, बाजूच्या दोन आणि तळाची काच ८ एमएमची. कधी तळ अखंडही नसतो, दोन तुकडे जोडलेले असतात आणि तो जोड वाळूखाली जातो. वरच्या कडेवर काळी पीव्हीसी पट्टी आधीच चिकटवून आणतात. टाकी घेऊन आलेली माणसं ‘लगेच भरून देतो’ म्हणत पाणी आणि वाळू घालूनच जातात. भरलेली टाकी कोण परत नेणार?

आठ आणि बारामधला फरक आकड्यांत बघा. या मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे ३४० लिटर पाणी मावतं. पुढच्या आणि मागच्या प्रत्येक काचेवर पाण्याचा दाब २०० किलोंपेक्षा जास्त असतो. काचेतला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, जाडी कमी तर ताण जास्त, म्हणून १२च्या जागी ८ लावली की ताण सव्वादोन पट होतो. काच बाहेर फुगते ती तर जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. ही फुगवटाच जोडातलं सिलिकॉन रोज थोडं थोडं खेचत राहते. बाजूच्या काचा आखूड असल्याने त्या बऱ्यापैकी निभावतात. खरा धोका स्टिकरमागे लपलेल्या मागच्या काचेचा आहे. दोन फूट उंचीला १२ एमएम घ्यावी. वर काचेच्या आडव्या पट्ट्या नीट बसवल्या असतील तर १० वर भागतं, ८ वर नाही. दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या रुंदीवर नाही. त्यामुळे ‘टाकी अरुंद आहे, आठ पुरे’ हे दुकानदाराचं उत्तर मान्य करू नका.

पुढचा अंक गळतीचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मागच्या खालच्या कोपऱ्यात ओल दिसते. दुकानाचा माणूस येतो, पाणी थोडं उतरवतो, आतून सिलिकॉनचा जाड थर फासतो आणि वेगळे पैसे घेऊन जातो. हे काम टिकणारच नाही, कारण वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नवीन सिलिकॉन धड चिकटत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून आतली सिलिकॉनची सगळी जुनी कड ब्लेडने काढावी लागते, काच ॲसिटोनने पुसावी लागते आणि मगच नवी कड ओढता येते. गळती दोन काचांच्या मधल्या जोडातूनच असेल तर ती काच सोडवून पुन्हा लावण्याला पर्याय नाही. दुसऱ्यांदा गळाल्यावर ‘तुमची फरशी लेव्हलला नाही’ हे ऐकावं लागतं. म्हणून स्टँड बसवताना त्यांच्याच समोर पाणसळ लावा, चारही बाजूंनी, आणि फोटो काढून ठेवा. टाकीखाली १०-१२ एमएमचा थर्माकोल सलग हवा. स्टँडचा वरचा पाट वॉटरप्रूफ प्लायचा असावा. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगतो, तोही एक नेहमीचा चोरटा बदल.

तपासायला फार काही लागत नाही. जाडी मोजायचा साधा प्लास्टिकचा व्हर्निअर घ्या आणि पट्टी चिकटवण्याआधी पाचही काचा मोजा, तळाची खालून, टाकी थोडी उचलून. सांगितलेल्या जाडीत थोडाफार फरक चालतो, पण १२ म्हणून घेतलेली काच १० भरली तर ती १२ नाही. व्हर्निअर नसेल तर वजन बोलतं: सगळ्या काचा १२च्या असतील तर रिकामी टाकी सुमारे ७५ किलो भरते, वर सांगितलेला मिश्र माल ६०च्या आत. ‘एक्स्ट्रा क्लिअर’ काचेचे जादा पैसे घेतले असतील तर काचेच्या कडेमागे पांढरा कागद धरा. साध्या काचेची कड ठळक हिरवी दिसते, एक्स्ट्रा क्लिअरची बरीच फिकट. ‘टफन्ड’ (तापवून मजबूत केलेली) म्हणून विकलेली काच पोलराइज्ड गॉगलमधून, लॅपटॉपचा पांढरा पडदा मागे ठेवून बघा. टफन्डमध्ये करडे डाग किंवा पट्टे दिसतात, साधीत नाही. शेवटी जोड बघा. काचेला काच जवळजवळ टेकलेली आणि मध्ये पांढरट बुडबुडे असतील तर सिलिकॉन कमी भरलंय. जोडात निदान १ एमएम सिलिकॉन राहायला हवं. काळं सिलिकॉन बुडबुडे लपवतं, म्हणून पारदर्शक मागा.

मग स्वतःच बांधावी का? दोन फूट लांबीपर्यंत, हो. चार फुटी पहिल्याच झटक्यात नको. छोट्या टाकीत पैसे फारसे वाचत नाहीत हे खरं, पण एकदा बांधली की पुढे मोठी टाकी बनवून घेताना कुणी तुमच्या डोळ्यांत धूळ फेकू शकत नाही.

६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरच्या टाकीला ६ एमएम काच पुरते. काचवाल्याकडे माप एमएममध्येच द्या: तळ ६०० बाय ३००, पुढची-मागची ६०० बाय ३५४ च्या दोन, बाजूच्या २८६ बाय ३५४ च्या दोन. बाजूच्या काचा २८६ का? ३०० मधून दोन काचांची जाडी १२ आणि दोन जोडांचं सिलिकॉन २ वजा. हे २ विसरल्यामुळेच जोड कोरडे राहतात. कडा मशीनने पॉलिश करून घ्या, नुसत्या घासलेल्या नकोत. काचेचं एकूण वजन १२ किलोंच्या आसपास. सिलिकॉनची एक नळी पुरून उरते, फक्त ती बुरशीनाशक नसलेली, १०० टक्के सिलिकॉनची हवी. बाथरूमसाठीच्या नळीत बुरशीनाशक असतं आणि ते माशांना मारतं.

कडा ॲसिटोनने पुसल्यावर बोट लावायचं नाही. तळ सपाट ठेवा, जोडाच्या कडांना सिलिकॉन लावत आधी मागची काच, मग दोन्ही बाजू, शेवटी पुढची; प्रत्येक कोपरा गुण्याने तपासून बाहेरून मास्किंग टेप. सिलिकॉनवर पाच-दहा मिनिटांत साय धरते, त्यानंतर काच हलवली तर तो जोड गेला म्हणून समजा. शेवटी आतल्या कोपऱ्यांतली सिलिकॉनची कड बोटाने एकाच ओढीत सारखी करा. आठवडाभर हात लावू नका. मग थर्माकोलवर ठेवून, खाली वर्तमानपत्र अंथरून, तीन टप्प्यांत भरा आणि ४८ तास बघा. कागदावरचा ओला ठिपका नेमका कोणत्या जोडाखाली आहे ते सांगतो.

विकत घेतलेल्या टाकीलाही हीच चाचणी लावा, आणि ती दुकानात. त्याच दिवशी मासे तर घेऊच नका. नव्या टाकीत माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी विकलेले वीस मासे मेले की निळं औषध आणि पुन्हा मासे, असा दुकानाचा दुसरा धंदा सुरू होतो.

पावतीवर प्रत्येक काचेची जाडी, सिलिकॉनचा प्रकार आणि गळतीची हमी किती महिन्यांची ते लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर ॲडव्हान्स देऊ नका. आधीच फसला असाल तर टाकी रिकामी करा, व्हर्निअर लावलेल्या काचांचे फोटो आणि व्हिडिओ काढा, दुकानाला लेखी तक्रार द्या. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे पावतीवर छापलेलं वाक्य सदोष मालाला लागू पडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असा नकार ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. जुनी टाकी मात्र निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका, तीच पुरावा आहे.