मिरज स्टेशनबाहेर ५,८०० ला घेतलेलं ग्राफिक्स कार्ड

माझे एकूण ७,६५० रुपये गेले. ५,८०० कार्डाचे, १,८५० एसएमपीएसचे, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचे. आकडा लिहायलाही लाज वाटते, पण ज्यानं खोटं कार्ड विकलं तो माणूस अजून आपल्याच भागात फिरतोय म्हणून लिहितो.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. दुकानातला जुना कॉम्प्युटर भंगारात चालला होता, तो मागून घरी आणला. कॅबिनेट उघडून धूळ काढली, प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावली, रॅम वाढवली, एसएसडी बसवली. सगळं स्वतःच्या हातानं. तेव्हा याला काही कळत नव्हतं म्हणून फसला, असं कुणी म्हणू नये. पोराला ॲनिमेशन शिकायचंय, त्यासाठी कार्ड हवं होतं. जाहिरात होती जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाची, ४ जीबी मेमरीची. भाव काही फुकटात दिल्यासारखा नव्हता, त्यामुळं संशय आला नाही.

विकणाऱ्याला ५०० टोकन यूपीआयनं दिलं, बाकीचे ५,३०० मिरज स्टेशनबाहेर रोख. "काका, गाडी सुटतीय, लवकर बघा," हे तो तीनदा म्हणाला. घाई करणाऱ्याकडून काही घेऊ नका. चालवून बघितल्याशिवाय तर नकोच.

पिशवीतून कार्ड काढून मी उलटंपालटं केलं. मागच्या पट्टीवर एचडीएमआय, डीव्हीआय आणि निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए पोर्ट, जुन्या मॉनिटरची वायर लावायचं. आणि मला आनंद झाला! घरचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच. चला, कन्व्हर्टरचे पैसे वाचले. तिथंच कार्ड त्याच्या हातात परत द्यायला हवं होतं. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीचं आहे, तिच्या चिपमधून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. खूण माझ्या बोटाखाली होती, आणि मी ती बघून खूश झालो. रात्री झोपताना अजून ते निळं पोर्ट दिसतं.

घरी बसवलं तर नाव बरोबर, ४ जीबी बरोबर. पण जरा काम दिलं की स्क्रीन काळी. फोन केला. "एसएमपीएस कमी पडतोय, ४५० वॅटचा टाका. आणि ड्रायव्हर सीडीतलाच ठेवा, अपडेट करू नका." मी ऐकलं. त्यात नऊ दिवस गेले. ड्रायव्हर अपडेट करू नका म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा.

शेवटी भाच्यानं जीपीयू-झेड टाकलं, कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्राम. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. नावाच्या आधी 'फेक' असं लिहून आलं. माझा तरी विश्वास बसेना. चार स्क्रू काढून हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, उचलला, वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. चिपवर अक्षरं होती : जीएफ१०६-२५०. म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५० हे जुनं कार्ड. मेमरी १ जीबी. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच साठवलेल्या प्रोग्राममध्ये, खोटं नाव आणि खोटी मेमरी भरली होती, आणि विंडोज तेच वाचून दाखवत होतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधल्या नावावर जाऊ नका.

पुढचं ऐका. मिरजेत पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, राहता सांगलीत, तिकडं जा. सांगलीत म्हणाले, पैसे मिरजेत दिले, हद्द तिकडची. दोन दिवसांचा पगार कापून घेतला मी या फेऱ्यांत. एकानं विचारलं, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" अहो, हळद म्हणून रंगवलेला भुसा दिला तर तीही वस्तूच असते! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. ते मी छापून नेलं. कागद वाचलाही नाही, साधा अर्ज घेऊन पोच दिली. त्या पोचेचं मी काय करू? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही म्हणतात, पण तक्रार कुणाविरुद्ध करायची? नाव-पत्ता माझ्याकडं नाही. तुम्ही आधी आधार कार्ड बघा, बिल नसेल तर कागदावर सही घ्या, आणि पैसे यूपीआयनंच द्या. रोख दिलेल्या ५,३०० चा माझ्याकडं कसलाच पुरावा नाही.

त्यानं माझा नंबर ब्लॉक करण्याआधी मी त्याला त्या व्हीजीए पोर्टबद्दल मेसेज टाकला होता. काल तीच जाहिरात परत दिसली. भाव ६,२००, ठिकाण कोल्हापूर. फोटोत निळं पोर्ट आता अंगठ्यानं झाकलंय.