दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस पेन: आकडा खरा, अर्थ भलताच

आरओ विकणारा घरी येतो, नळाच्या पाण्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलीग्रॅममध्ये) दाखवणारा पेन बुडवून 480 दाखवतो, मग आपल्या मशीनच्या पाण्यात 40. जळगाव-धुळ्यात एवढ्यावर कितीतरी घरांत मशीन बसली. गंमत म्हणजे आयएस 10500 या भारतीय मानकात 500 पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. म्हणजे ते 480 मुळात पासच होतं.

पेन घाण मोजतच नाही. दोन टोकांमधून पाण्यात वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. पेलाभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, आकडा वाढत नाही. मग चिमूटभर मीठ टाका, भर्रकन चढतो. जंतू आणि बहुतेक कीटकनाशकं त्याला साखरेसारखीच, दिसत नाहीत. त्यामुळे 30 टीडीएसच्या जारचं पाणी निर्जंतुक, ही समजूत सोडा. जंतूंसाठी एचटूएस बाटली (पाण्यातले जंतू ओळखायची चाचणी-बाटली) वेगळी मिळते. पाणी भरून 24 ते 48 तास ठेवायचं, काळं पडलं तर दूषित.

विक्रेते दोन सळ्या बुडवून, त्यांतून वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतात, तो खेळ तर निव्वळ हातचलाखी. विजेमुळे लोखंडाची सळई विरघळते, तो रंग तिचाच. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही. त्यात मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल.

पेन तपासायला 10 ग्रॅम मीठ 1 लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा, त्यातलं 100 मिली घेऊन 900 मिली आरओच्या पाण्यात मिसळा. आकडा 1000 च्या आसपास यावा. सतत 1400 च्या घरात आला तर लगेच खराब म्हणू नका. पेन विजेच्या मापाला एका गुणकाने गुणून टीडीएस काढतो, आणि काही पेनांत हा गुणक 0.5 ऐवजी 0.7 असतो. तापमानभरपाई (पाण्याच्या तापमानानुसार आकडा आपोआप दुरुस्त करण्याची सोय) नसलेला पेन मात्र घेऊ नका. 25 अंशांच्या वर दर अंशाला आकडा साधारण 2 टक्के वाढतो, म्हणजे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं 40 अंशांचं पाणी 30 टक्के जास्त दाखवेल. खुणेपर्यंतच बुडवा, हलवून बुडबुडे काढा, अर्धा मिनिट थांबा.

उकळल्याने टीडीएस जातो, हेही अर्धवट. जंतू मरतात, बोअरच्या जड पाण्यातला थोडा चुना पातेल्याला पांढरा थर होऊन बसतो, मीठ तिथेच राहतं.

पेनचा खरा उपयोग मेंब्रेनवर (आरओमधल्या क्षार अडवणाऱ्या पडद्यावर) नजर ठेवायला. आत 800 आणि बाहेर 80 येत असेल तर ठीक. मिक्सिंगचा स्क्रू (शुद्ध पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळणारा) न फिरवता बाहेरचा आकडा 200 कडे सरकू लागला, की मेंब्रेन बदला. वापरून झाल्यावर टोकं आरओच्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर त्यांवर क्षार साचतो आणि पेन हळूहळू कमी दाखवू लागतो.