हॅना एचआय ७७२ : प्रवाळ पाळणाऱ्यांनी घ्यावंच असं यंत्र

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी प्रवाळांची टाकी आहे. तिच्या सगळ्या सरंजामात माझं सर्वांत लाडकं म्हणजे अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेटांमुळे येणारी, आम्ल पचवण्याची ताकद) मोजणारं, मुठीत मावणारं हे हॅना कंपनीचं यंत्र. थेंब टाकून मोजायची किटही बरी असते, पण रंग नेमका कधी बदलला यावर माझं आणि बायकोचं कधी एकमत व्हायचं नाही. इथे सरळ आकडाच दिसतो. टाकीतलं १० मिलि पाणी कुपीत घ्यायचं, यंत्र शून्यावर आणायचं, १ मिलि रसायन घालून कुपी हलकेच उलटसुलट करायची, बटण दाबायचं. झालं.

कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात, म्हणून हा आकडा सतत उतरत असतो. समुद्रात तो साधारण ७ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक). मी ८ ते ८.५ राखतो. त्याहून महत्त्वाचं स्थैर्य. अल्कलिनिटी एकदम उसळली की अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांची टोकं जळून पांढरी पडतात, आणि ते बघवत नाही.

कुपीवर बोटांचे ठसे राहिले तर आकडा फसवतो, तेव्हा मऊ कापडाने पुसाच. रसायनाचा खर्च चालूच राहतो. नव्यांनी महागडे दिवे घेण्याआधी हे घ्यावं. बॅटरी एकच, ट्रिपल-ए, कुठेही मिळते.