रूट ६६ च्या नावाखाली विकलेला आय-४०

पणजीतल्या एका एजंटकडून ‘रूट ६६ डेझर्ट स्पेशल’ हे आठ दिवसांचं सेल्फ-ड्राइव्ह पॅकेज घेतलं. अल्बुकर्की ते लॉस एंजेलिस. भाड्याची गाडी, मोटेलं आणि फोनवर रस्त्याचा नकाशा. एजंटचं नाव लिहीत नाही, भांडण मिटलंय.

गाडी उत्तम. मोटेलं त्याहून उत्तम. नकाशाला भोपळा.

रूट ६६ हा अमेरिकेतला १९२६ सालचा महामार्ग, शिकागो ते सांता मोनिका. १९८५ मध्ये तो क्रमांकच रद्द झाला, त्यामुळे आता तो तुकड्या-तुकड्यांनी शोधावा लागतो. आमचा नकाशा मात्र लवकर पोचवायच्या घाईत. दोन दिवस आय-४० या नव्या हमरस्त्यावर ट्रकांच्या शेपटा बघितल्या. ताई म्हणाली, “यापेक्षा गोव्यात पत्रादेवी ते पोळे गेलो असतो, तो राष्ट्रीय महामार्गसुद्धा ६६ च आहे.”

तिसऱ्या रात्री होलब्रूकचं विगवॅम मोटेल. १९५० सालच्या, काँक्रीटच्या तंबूसारख्या १५ खोल्या, पुढ्यात जुन्या गाड्या उभ्या. भिंती वर निमुळत्या होत जातात, पलंगावरून उठताना मी कपाळ आपटून घेतलं. तरी पुन्हा तिथेच राहीन. शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी आमची रडगाणी ऐकून सांगितलं: अ‍ॅश फोर्क सोडलं की एक्झिट १३९, क्रुकटन रोड. तिथून पुढे फोनचं ऐकू नका.

नाही ऐकलं. सेलिगमन, पीच स्प्रिंग्ज, हॅकबेरी, किंगमन, ओटमन, टोपॉक; अडीचशे किलोमीटर सलग जुना रस्ता. आणि तेवढ्यात पैसे वसूल.

सेलिगमनला १९७८ मध्ये आय-४० ने बाजूला टाकलं आणि गिऱ्हाईक एका दिवसात आटलं. एंजल डेलगाडिलो हा तिथला न्हावी. त्याने गावकऱ्यांना जमवून १९८७ मध्ये संघटना काढली आणि राज्याकडून हा रस्ता ऐतिहासिक म्हणून मान्य करून घेतला. माझ्या मामाचं काणकोणातल्या चावडी गावात दुकान आहे, तिथला बायपास २०१९ मध्ये झाल्यापासून तो गल्ला मोजताना उसासे टाकतो. त्याला सलूनचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “आमच्याकडचा न्हावी कुठे गेला?”

ओटमनचा घाट चोर्ल्यासारखा वळणांचा, पण सावलीला झाड नाही आणि कित्येक ठिकाणी कठडाही नाही. चाळीस फुटांहून लांब गाड्यांना बंदी आहे ते बरंच. गावात गाढवं मोकळी फिरतात, सोन्याच्या खाणवाल्यांनी सोडून दिलेल्यांची पिलावळ. एकाने खिडकीतून तोंड घालून ताईच्या मांडीवरची म्हापशाच्या खाज्याची पुडी हुंगली. ताईने ती पुडी छातीशी धरली आणि त्याला चक्क कोकणीतून दटावलं. ते हललं नाही.

परत आल्यावर एजंटने पुढच्या सहलीवर सूट देऊ केली. मी कागदावर ‘एक्झिट १३९’ लिहून त्याच्या टेबलावर ठेवून आलो.