सूचना योजना, क्वालिटी सर्कल की नफ्यात वाटा : लहान कारखान्यानं आधी काय धरावं?

भोसरी-चाकण पट्ट्यातला 60-70 माणसांच्या कारखान्याचा मालक ‘पोरांचं कामात मन नाही हो’ म्हणू लागला, की कुणी ना कुणी त्याला तीनपैकी एक गोष्ट सुचवतो. सूचना योजना आणा, क्वालिटी सर्कल बसवा, नाहीतर नफ्यात वाटा द्या. चौथा सल्ला टी-शर्ट आणि लोणावळ्याच्या सहलीचा असतो. तो मी इथे धरलेला नाही. सहल खुशाल न्या, पण तिचा परिणाम सोमवारच्या पहिल्या शिफ्टपर्यंतच टिकतो.

तिन्हींत सगळ्यात स्वस्त सूचना योजना, आणि बिघडते तीच सगळ्यात लवकर. मी नोकरीला होतो त्या एका कारखान्यात कॅन्टीनच्या दाराशी कुलूप लावलेली पेटी होती. सात महिन्यांनी किल्ली सापडली. आत 43 चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त पाण्याच्या कूलरबद्दल. कूलर तेव्हाही बंदच होता. त्यानंतर पेटीत पडली ती फक्त गुटख्याची पाकिटं.

टोयोटानं 1951 साली, फोर्डकडची पद्धत पाहून, आपली सूचना योजना सुरू केली आणि ती आजवर चालू आहे. तिथे बक्षिसाच्या रकमेपेक्षा उत्तराला महत्त्व आहे. सूचना आधी जाते ती त्या माणसाच्या थेट वरच्या प्रमुखाकडे, आणि ती नीट मांडायला मदत करणं हे त्या प्रमुखाचं कामच मानलं जातं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. हेल्परनं फिक्स्चरमध्ये (काम करताना भाग पकडून ठेवणारा साचा) बदल सुचवला की सुपरवायझरला वाटतं, साहेबांसमोर आपली चूक निघाली.

क्वालिटी सर्कलचा पिंडच वेगळा. जपानमध्ये 1962 पासून, गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं ती रुजली. भारतात 1980 साली भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) हैदराबाद कारखान्यात पहिली सर्कल बसली. सहा ते दहा जण स्वेच्छेनं आठवड्याला तासभर बसतात, आपल्याच कामातला एक प्रश्न घेतात, आकडे गोळा करतात आणि कारणाचा माग काढतात. सूचना देणारा ‘हे असं करा’ म्हणून मोकळा होतो. इथे तीच माणसं ते करूनही दाखवतात. कापलेल्या भागाच्या कडेला बर (धातूची खरखरीत धार) का राहतो, रिजेक्शन दुसऱ्याच शिफ्टला का वाढतं, असले प्रश्न सर्कलनंच सुटतात, चिठ्ठीनं नाही. एकदा ऑपरेटरनं स्वतः पॅरेटो (कोणत्या कारणानं किती दोष, याचा उतरत्या क्रमाचा आलेख) काढला, की मीटिंगमध्ये तो साहेबांशी ज्या सुरात बोलतो तो सूर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. हे मी पाहिलं आहे, आणि त्यानं घाबरलेले मॅनेजरही पाहिले आहेत.

पण खर्च धरा. आठ जण आठवड्याला एक तास म्हणजे महिन्याला 30 तासांच्या वर. तीन शिफ्टमधली माणसं एकत्र आणायची तर कुणाला तरी शिफ्ट संपल्यावर थांबवावं लागणार. तो ओव्हरटाइम द्यायची तयारी नसेल तर ‘स्वेच्छेनं’ हा शब्द वापरूच नका. दुसरा धोका स्पर्धांचा. सर्कलच्या सादरीकरणांच्या स्पर्धा होतात, त्या चांगल्याच आहेत. पण ढाल मिळवण्यासाठी सुटलेल्याच प्रश्नाच्या स्लाइड्स बनू लागल्या, की मशीनवरच्या माणसाला ते सगळ्यात आधी कळतं.

नफ्यात वाटा ही कल्पनाही जुनी. जमशेदपूरला टाटा स्टीलनं 1934 साली नफ्याशी जोडलेला बोनस सुरू केला होता. आज अडचण अशी, की कायद्यानं किमान 8.33 आणि कमाल 20 टक्के बोनस ठरलेला आहे, आणि दिवाळीचा बोनस कामगार हक्काचा मानतो. तो तसा आहेही. त्यामुळे बोनसच्या वर दिलेली रक्कम वेगळी दिसली नाही तर ‘यंदा साहेबांनी बोनस बरा दिला’ एवढ्यावर विषय संपतो. शिवाय ज्या वर्षी गिऱ्हाईकानं भाव पाडले, त्या वर्षी सगळ्यांनी झटूनही वाटा घटणार. तेव्हा हिशोब उघडून दाखवावा लागतो. ही तयारी असलेले मालक मला दोनच भेटले. त्यांना मी हाच मार्ग सांगेन. बाकीच्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

कंत्राटी कामगारांचा मुद्दा तिन्हींत येतो आणि बहुतेक सल्लागार तो टाळतात. फ्लोअरवरची निम्मी माणसं ठेकेदाराची असतील, तर नफ्याचा वाटा त्यांना नाही, आणि सहा महिन्यांत बदलणारा माणूस सर्कलमध्ये टिकत नाही. सूचना मात्र तोही देऊ शकतो. एवढ्या एका कारणासाठी मी सूचना योजनेला झुकतं माप देतो.

मग निवडायचं कसं? जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रिमाँट कारखाना 1982 साली बंद पडला. तिथे गैरहजेरी 20 टक्क्यांच्या आसपास असायची. 1984 साली टोयोटाबरोबर तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बहुतांशी तेच, युनियनही तीच, आणि गैरहजेरी मात्र दोन टक्क्यांवर आली. अडचण आली की कामगार दोरी ओढायचा आणि टीम लीडर धावत यायचा. एका लीडरकडे माणसंही मोजकीच. म्हणून तुमच्याकडे एका सुपरवायझरमागे किती माणसं आहेत ते आधी मोजा. 25-30 असतील तर सर्कल नको. चिठ्ठ्यांना उत्तर देतानाच त्याची दमछाक होईल. आधी माणसं विभागून लीडर नेमा आणि सूचना योजना धरा. पेटीऐवजी लाइनजवळ पांढरा फळा: सूचना, तारीख, काय झालं. ‘जमणार नाही’ असं उत्तर असेल तर कारणासकट. वर्षभर फळा चालला तर सर्कलसाठी माणसं आपोआप पुढे येतात, ती शोधावी लागत नाहीत.

आणि पगारवाढीचा करार संपायला तीन-चार महिने उरले असतील तर यातलं काहीच तेव्हा काढू नका. युनियनला ती मागण्यांवरून लक्ष उडवायची युक्ती वाटते, आणि तिचं काही चुकतं असं नाही. सह्या होऊ द्या, मग फळा लावा.