स्कॉटलंडची रेल्वे: स्वतंत्र पोलीस की विलीनीकरण?

2017 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला: ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांचं, म्हणजे ब्रिटनच्या रेल्वेसाठी असलेल्या स्वतंत्र पोलीस दलाचं, तिथलं काम ‘पोलीस स्कॉटलंड’ या स्कॉटलंडच्या सर्वसाधारण पोलीस दलाकडे सोपवायचं. विलीनीकरणाची बाजू सरळ होती. देशात एकच दल आणि जबाबदारी थेट तिथल्याच संसदेपुढे.

स्वतंत्र दलाचं पारडं मात्र मला जड वाटतं. ग्लासगोहून लंडनला निघालेली गाडी सीमा ओलांडते, तरी पोलीस दल तेच राहतं. रुळांवर मृत्यू झाला तर पंचनामा नीट करून वाहतूक लवकर कशी सुरू करायची, हे रोजच्या सरावानेच अंगी येतं. शिवाय खर्च मुख्यतः रेल्वे उद्योग उचलतो. मोठ्या दलात मनुष्यबळ कमी पडलं की रेल्वेचेच पोलीस दुसरीकडे हलवले जातील, ही कर्मचारी संघटनेची धास्ती रास्त होती. 2019 मध्ये स्कॉटलंड सरकारने विलीनीकरणाचा बेत सोडला.