सॉलिड ऑक्साइड की पेम? फ्युएल सेलवर प्रोजेक्ट घेताय तर वाचा

परवा दादरला कटिंग पिताना एका ज्युनिअरने विचारलं, एमटेकला कुठला फ्युएल सेल (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र) घेऊ, म्हणून इथेच लिहून टाकतो.

पेम सेल, म्हणजे मधे प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा असलेला, ८० डिग्रीच्या आसपास चालतो, पटकन चालू होतो, म्हणून गाड्यांत तोच बसवतात. पण नखरे फार. कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे रिअ‍ॅक्शन पटापट घडवायला, प्लॅटिनम लागतं, हायड्रोजन एकदम शुद्ध लागतो, जरासा कार्बन मोनॉक्साइड आत गेला की कॅटॅलिस्ट बसलाच.

सॉलिड ऑक्साइडचं उलटं. ६०० ते १००० डिग्री, मधे यिट्रिया घातलेल्या झिर्कोनियाचा सिरॅमिक थर, त्यातून ऑक्सिजनचे आयन हवेच्या बाजूने इंधनाकडे सरकतात. प्लॅटिनम नको, निकेलवर भागतं, आणि जो कार्बन मोनॉक्साइड पेमचा जीव घेतो तो इथे चक्क इंधन म्हणून वापरला जातो! घरी पाइपने येतो तो गॅससुद्धा चालतो, फक्त आधी त्यातलं सल्फर काढावं लागतं कारण ते निकेलला मारतं. अर्थात गॅस वापरला की कार्बन डायऑक्साइड निघणारच, त्यामुळे अगदी 'क्लीन' म्हणून मिरवू नका.

आणि पेशन्स लागतो हो. माझा पहिला बटन सेल, म्हणजे लॅबमधला रुपयाच्या नाण्याएवढा ट्रायलचा सेल, भट्टी घाईत थंड केली आणि केसाएवढी चीर गेली, आठवड्याची मेहनत पाण्यात. मिनिटाला एक-दोन डिग्री चढवत ७५० ला पोचायचं म्हणजे त्यापेक्षा मेगाब्लॉकमधली लोकल बरी.

गाडीसाठी पेमच. पण हॉस्पिटल, डेटा सेंटर असं चोवीस तास चालणारं काही असेल तर मी डोळे झाकून सॉलिड ऑक्साइड घेईन, वर उरलेली उष्णताही वापरता येते. फक्त भट्टीचं बुकिंग आधी करून ठेव रे बाबा.